गाजर गवत उगवते कुठे आणि अंग खाजते कोणाचे?

पावसाळ्याच्या अंकात या पानावर डेंग्यू, कावीळ, जुलाब हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. या वेळी मात्र आम्ही एका गवतावर लिहीत आहोत. ते तुमच्या दारासमोर उभे आहे, समाजमंदिराच्या मागे आहे, संडासाच्या वाटेवर आहे आणि अंगणवाडीच्या कुंपणालाही लागले आहे. रोज दिसते म्हणून आता कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. शास्त्रातले नाव पार्थेनियम.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हे गवत म्हणजे केवळ शेतकऱ्याची डोकेदुखी नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्यातही जे उन्हातान्हात उघड्या हातांनी काम करतात त्यांच्या आरोग्याचा. ते वस्तीभोवती माजते तेव्हा दोष वस्तीला दिला जातो. खरा दोष कोणाचा हे शोधायचे असेल तर ते गवत कोणत्या जमिनीवर उगवते ते पाहावे लागेल.

ओळख आणि इतिहास

पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, खोड केसाळ, उंची कमरेपर्यंत, चांगल्या जमिनीत खांद्यापर्यंत. शेंड्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले, इतकी दाट की लांबून चुना शिंपडल्यासारखे वाटते. फुलांचे हार होत नाहीत, पानांची भाजी होत नाही, जनावर तोंड लावत नाही. चाऱ्यातून पोटात गेलेच तर गाई-म्हशींच्या दुधाला कडवटपणा येतो.

हे गवत मूळचे मेक्सिकोकडचे, अमेरिका खंडातले. आपल्या देशात त्याची जी नोंद सगळीकडे सांगितली जाते ती आपल्याच जिल्ह्यातली, पुणे शहरातली आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर त्याची तुरळक रोपे दिसली आणि १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी ती नोंद छापली. ज्या वर्षी आपण नागपूरला दीक्षा घेतली, त्याच वर्षी पुण्याच्या उकिरड्यावरचे हे गवत कागदावर आले.

ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पीएल-४८० या करारातल्या गव्हाचे नाव त्याला कायमचे चिकटले आहे. मात्र भारताने त्या करारावर सही केली ऑगस्ट १९५६ मध्ये आणि गवत त्याआधीच पुण्यात दिसले होते. अमेरिकेचा मदतीचा गहू १९५१ पासून येतच होता. त्यामुळे गव्हाची गोष्ट खरी असू शकते, पण ती एका कराराच्या माथी मारण्याइतकी सोपी नाही. भुकेल्या देशाने धान्य मागितले आणि धान्यात बी लपून आले, एवढे मात्र समजण्यासारखे आहे. आज सगळा देश त्याने व्यापला आहे.

ते वस्ती करते कसे?

एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात. बी इतके बारीक की वाऱ्याने उडते, पाण्याबरोबर वाहते, चपलेच्या चिखलात बसते, ट्रकच्या टायरला चिकटते. ओल मिळाली की वर्षात कधीही उगवते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते. एका पावसाळ्यात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकाच जागी उभ्या राहू शकतात. जमिनीत पडलेले बी काही वर्षे जिवंत राहते. मुळांतून आणि पानांतून ते अशी द्रव्ये सोडते की शेजारच्या दुसऱ्या झाडांचे बी नीट रुजत नाही. त्याला खाणारी कीड मेक्सिकोत राहिली. इकडे ते आले एकटेच, शत्रूवाचून.

तरीही दाट जंगलात किंवा राखलेल्या कुरणात ते सहजी शिरत नाही. त्याला लागते उकरलेली, उघडी पाडलेली आणि मग कोणी न विचारलेली जमीन. गाव शहर होऊ लागते तेव्हा अशी जमीन भरपूर तयार होते.

वारूळवाडीकडे पाहा. नारायणगावला लागून असलेले हे गाव आता गाव राहिलेले नाही आणि पुरते शहरही झालेले नाही. पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला, बाह्यवळण झाले, त्यासाठी माती उचलली गेली, मुरूम टाकला गेला. टोमॅटोच्या हंगामात परराज्यांतल्या गाड्या येतात आणि जातात. शेतजमिनी बिगरशेती झाल्या, त्यांचे प्लॉट पडले, प्लॉटला तारेचे कुंपण पडले आणि भाव वाढण्याची वाट पाहत ते तसेच पडून राहिले. पाइपलाइनसाठी चर खणले, ते अर्धवट बुजवले. मीना नदीच्या काठी बांधकामाचा राडारोडा टाकला. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या पावसानंतर सर्वांत आधी गाजर गवत उभे राहते. मुरुमाच्या एका डंपरमध्ये किती हजार बिया येतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

मग कोणीतरी येतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, "या वस्तीच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." वस्तीतल्या घरासमोर चार हात जमीन असते आणि ती रोज झाडली जाते. गवत उभे असते ते कुंपणाआडच्या प्लॉटवर, रस्त्याच्या भरावावर आणि सरकारी पडीक जागेवर. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचे गवत आणि ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्या अंगाला खाज, असा हा व्यवहार आहे.

अंगावर काय परिणाम होतो?

या गवताच्या पानांवरच्या, खोडांवरच्या आणि फुलांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत वाळले की ते केस तुटून धुळीबरोबर उडतात. म्हणजे गवताला हात लावलाच पाहिजे असे नाही, शेजारून रोज जाणे-येणेही पुरते. काही जणांच्या शरीराला या द्रव्याची ॲलर्जी होते. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ पासून अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापायला सुरुवात केली. आपल्या जिल्ह्याला हा आजार नवा नाही.

तो पहिल्या दिवशी होत नाही. वर्षानुवर्षे गवत उपटणाऱ्या माणसाला काहीच होत नाही आणि मग एका पावसाळ्यात अचानक सुरू होते. म्हणून लोक म्हणतात, "इतकी वर्षे हात लावला, काही झाले नाही, मग आताच कसे?" ॲलर्जी अशीच येते. शरीर हळूहळू चिडत जाते आणि एकदा चिडले की थोड्या धुळीनेही भडकते.

सुरुवात उघड्या भागावर होते: पापण्या, चेहरा, मानेची मागची बाजू, गळ्याची खोबण, कोपराचा आतला भाग, हाताचे पंजे. आधी खाज आणि लाली, मग बारीक पुरळ, कधी पाणी सुटते. पावसाळ्यात वाढते, थंडीच्या शेवटी कमी होते, पुढच्या पावसात पुन्हा येते. काही वर्षांनी ते बारमाही होते. कातडी जाड, काळी आणि सुरकुतलेली होते. ऊन सहन होत नाही. रात्रीची झोप जाते. फुलांच्या परागांनी सर्दी, शिंका, डोळ्यांतून पाणी हा त्रास वेगळाच, आणि ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा बळावतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या बायकांनी ध्यानात ठेवावी. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही गाजर गवताच्याच कुळातली झाडे. ज्याला गाजर गवताची ॲलर्जी झाली त्याला कधी कधी शेवंतीच्या तोडणीनेही त्रास होतो. दसरा-दिवाळीला फुले तोडून अंग भडकले तर "दृष्ट लागली" म्हणून मिरच्या ओवाळत बसू नका. डॉक्टरांना गवताचे आणि फुलांचे दोन्ही सांगा.

हा आजार कोणाला लागत नाही

हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापावे असे आम्हाला वाटते. गाजर गवताचा त्वचारोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. ताट, पेला, अंथरूण, टॉवेल, स्पर्श, कशातूनही नाही. तो जंतूंचा आजार नव्हे, त्या माणसाच्या शरीराची चीड आहे.

वॉर्डात काम करताना आणि नंतर वस्त्यांत फिरताना आम्ही जे पाहिले ते असे. टोमॅटोच्या प्लॉटवर खुरपणीला जाणारी बाई. चेहरा काळवंडलेला, कातडी खरखरीत. मुकादमाने तिला चहाचा वेगळा कप दिला. जेवायला बसताना बाकीच्या बाया चार हात लांब सरकल्या. सासरच्यांना कुष्ठरोगाची शंका आली. तिने मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली ट्यूब आणून दोन वर्षे तोंडाला लावली. आधी बरे वाटले, मग कातडी पातळ होऊन लाल झाली, केस आले आणि ट्यूब बंद केली की आग होऊ लागली.

वेगळा कप म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आजोबा-पणजोबांनी ते भोगले आहे. म्हणून आपल्याच ओळीत बसलेल्या बाईला आपणच वेगळे बसवावे हे आपल्याला शोभत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला खाज नसते, उलट तिथली संवेदना गेलेली असते. गाजर गवताच्या त्रासात खाज हेच मुख्य लक्षण. आणि समजा एखादा चट्टा खरोखर बधिर असेल, तर त्यालाही घाबरून लपवायचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि पूर्ण उपचाराने तो बरा होतो.

ट्यूबबद्दल एवढेच. खाजेवरच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरते ते चांगले औषध आहे, मनाने लावले तर ते चेहऱ्याची वाट लावते. जुनाट त्रास असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा आणि "पॅच टेस्ट करता येईल का?" असे स्पष्ट विचारा. पाठीवर पट्ट्या लावून, दोन दिवसांनी काढून, कशाची ॲलर्जी आहे ते त्यात पाहतात. पापण्या सुजून डोळे उघडत नसतील, जखमेत पू झाला असेल, ताप असेल, सगळे अंग लाल झाले असेल किंवा छातीत घरघर होऊन दम लागत असेल, तर घरी थांबू नका.

उपटणारे हात कोणाचे?

गवत काढायचे म्हटले की कोणाला बोलावतात ते आठवा. गावात रोजाने जाणाऱ्या बाया आणि शहरात कंत्राटी सफाई कामगार. दोन्हीकडे आपली माणसे पुष्कळ. त्यांना विळा मिळतो, घमेले मिळते. हातमोजे मिळत नाहीत. मिळालेच तर एक जोडी चौघींत, फाटलेली. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकावर कापड आणि काम संपल्यावर साबण-पाणी, ही मागणी चैनीची नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराच्या देहाची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते, हा विचार आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. तो हातमोज्यांपर्यंत अजून पोचलेला नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या वेळेची. पुष्कळ ठिकाणी ठेकेदार गवतावर मशीन फिरवतो ते सप्टेंबरमध्ये, गणपती-नवरात्राच्या तोंडावर, गवत पांढरेशुभ्र फुललेले असताना. मशीनने वरचा भाग तुटतो, बी चारी दिशांना उडते, बुडखा जमिनीत राहतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. बिल निघते, गवत राहते. कापणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र परागांचा धुरळा जातो. हे काम जून-जुलैत, फूल येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटून केले तर निम्म्या श्रमात होते.

तिसरी गोष्ट तणनाशकाची. पाठीवर पंप घेऊन, चप्पल घालून, तोंडाला काही न बांधता फवारणी करणारी मुले आम्ही नेहमी पाहतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रकांपुरता मर्यादित केला. सरकारला त्यात माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचा धोका दिसला म्हणून. तेव्हा वस्तीजवळ, हातपंपाजवळ, मुले खेळतात तिथे कोणी पंप घेऊन आले तर कोणते औषध, कोणाच्या परवान्यावर, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

नदीतली बहीण

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना गाजर गवताची बहीण ठाऊक आहे: जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या सुंदर फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणलेली. आज नद्यांवर तिचा हिरवा गालिचा पसरतो आणि काठच्या घरांत संध्याकाळी डासांमुळे बसवत नाही. हे डास मुख्यतः घाण पाण्यातले, रात्री चावणारे. डेंग्यूचा डास वेगळा, तो आपल्या घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. म्हणून जलपर्णी काढली तरी पिंप झाकणे सोडू नका.

जलपर्णी माजते ती नदीत सोडलेल्या सांडपाण्यावर. मैला हेच तिचे खत. दरवर्षी तिला काढायचे टेंडर निघते आणि सांडपाणी तसेच वाहत राहते. गाजर गवताचे आणि जलपर्णीचे दुखणे एकच आहे. आपण रोपाला दोष देतो आणि त्याला पोसणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडतो.

परके म्हणजे वाईट?

या विषयावर बोलताना आम्हाला एक भाषा खटकते. "परदेशी आक्रमण", "घुसखोर झाडे", "बाहेरच्यांना हाकला". झाडांबद्दल बोलता बोलता हे शब्द माणसांकडे वळायला वेळ लागत नाही. शहरांत हेच शब्द झोपडपट्टीसाठी वापरले जातात: वाढली, पसरली, माजली, साफ करा. गावातही परप्रांतातून टोमॅटो तोडायला आलेल्या मजुरांबद्दल हेच बोलले जाते.

म्हणून स्पष्ट लिहितो. बाहेरून येणे हा गुन्हा नाही. ज्या टोमॅटोवर नारायणगावची बाजारपेठ उभी आहे तो अमेरिका खंडातून आला. आपल्या ठेच्यातली मिरची तिकडचीच. बटाटा, मका, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ, सगळे तिकडून आले आणि आपल्या ताटात बसले. उन्हाळ्यात सावली देणारा गुलमोहर मादागास्करचा. यांना आपण परके म्हणत नाही, कारण ते जमिनीला आणि माणसाला मारून जगत नाहीत.

आपल्याच तालुक्यात याचा आणखी जुना दाखला आहे. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत आणि त्यांत तीन यवन दात्यांची नावे वाचायला मिळतात: इरिल, चिट आणि चंद. दूरदेशीच्या माणसांनी इथे पाण्याची टाकी खोदून दिली, भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला, लेण्याचा दर्शनी भाग करून दिला. ते परके आले आणि इथे पाणी ठेवून गेले. माणूस जन्माने नीच ठरत नाही, कृतीने ठरतो, हे तथागतांनी सांगितले. झाडालाही तोच न्याय लावू. गाजर गवत मेक्सिकोचे आहे म्हणून ते उपटायचे नाही. ते श्वास कोंडते, कातडी जाळते, दुसरे काही उगवू देत नाही, टोमॅटोवरच्या फुलकिड्यांना आणि रोगांना आसरा देते, म्हणून उपटायचे.

आपण काय करावे?

घरात: गवताला उघडा हात लावू नका. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या हातांत घालून बांधा. पूर्ण बाह्या, डोक्याला रुमाल, नाकावर कापड. कामावरून आल्यावर मुलाला उचलण्याआधी साबणाने हात-तोंड धुवा, कपडे बदला. धुतलेले कपडे गवतावर वाळत टाकू नका. मुलांना त्या फुलांशी खेळू देऊ नका. ज्याला एकदा त्रास झाला आहे त्याने गवत काढायच्या कामाला जाऊच नये, ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे. उपटलेले गवत जाळू नका, धूर घरातच येतो. फुलांआधी उपटलेले गवत खड्ड्यात मातीने झाकून कुजवले तर खत होते. फुललेले मात्र खतात टाकू नका, बी तसेच राहते.

वस्तीत: नुसते उपटून जागा रिकामी ठेवली तर महिन्यात पुन्हा तेच उगवेल. रिकाम्या जागेला धनी लागतो. आपला टाकळा, म्हणजेच तरोटा, हे काम चांगले करतो. दिवाळीच्या सुमारास त्याच्या वाळलेल्या शेंगांचे बी गोळा करून ठेवा आणि वळवाच्या आधी त्या जागेवर फेका. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा उरत नाही, आणि पहिल्या पावसात कोवळ्या टाकळ्याची भाजी मिळते ती वेगळी. गाजर गवत खाणारा एक छोटा भुंगाही आहे, झायगोग्रामा नावाचा. मेक्सिकोतून १९८३ मध्ये तो बंगळूरला आणला आणि तपासणीनंतर १९८४ मध्ये सोडला. पावसाळ्यात तो पाने खाऊन झाड उघडे पाडतो. त्याच्याविषयी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारा. भुंगा एकटा सगळे करणार नाही, पण जिथे हात पोचत नाही तिथे तो पोचतो.

ग्रामसभेत: भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. पोस्टर लागतात, फोटो निघतात. पण ऑगस्टच्या मध्याला आपल्याकडचे पहिले गवत फुलून बी टाकून मोकळे झालेले असते. म्हणून मागणी १५ ऑगस्टच्या नव्हे, १ मेच्या ग्रामसभेत मांडायची. लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मागण्या अशा:

एक, जून-जुलैत, फूल येण्याआधी, सार्वजनिक जागांवरचे गवत मुळासकट काढावे आणि त्याची मजुरी मंजूर करावी.

दोन, कुंपण घालून मोकळ्या ठेवलेल्या प्लॉटच्या मालकांना ग्रामपंचायतीने लेखी नोटीस द्यावी. गवत काढणे ही मालकाची जबाबदारी, शेजारच्या वस्तीची नव्हे.

तीन, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र हातमोजे, मास्क आणि साबण द्यावा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी थोडा अबंधित निधी मिळतो. तो कशावर खर्च होतो ते आशाताईंना आणि सरपंचांना विचारा.

चार, रस्ता, पाइपलाइन, बांधकाम यांसाठी जमीन उकरणाऱ्या ठेकेदाराने पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या जागेची निगा राखावी, ही अट कामाच्या आदेशातच घालावी.

पाच, अंगणवाडी, शाळा, दवाखाना, सार्वजनिक संडास यांच्या वाटा सर्वांत आधी मोकळ्या कराव्यात. जुन्नर तालुक्यात पहाटे कमरेइतक्या गवतातून जाणाऱ्या बाईला खाजेबरोबर घोणस आणि बिबट्या यांचेही भय असते.

कर्नाटकाने १९७५ मध्ये गाजर गवत उपद्रवी म्हणून कायद्याखाली जाहीर केले, तरी तिथले गवत संपले नाही. कायद्याचा कागद गवत उपटत नाही. ते उपटण्यासाठी वेळेवर काम, कामाला पैसा आणि कामगाराला संरक्षण लागते, आणि हे तिन्ही मागणारी वस्ती लागते.

येत्या रविवारी वंदना आटोपल्यावर समाजमंदिराच्या मागे एक चक्कर मारा. कोणत्या जागेवर किती गवत आहे आणि ती जागा कोणाची आहे, याची एका वहीत यादी करा. कोणाकोणाच्या अंगाला खाज आहे, त्यांची नावे न विचारता फक्त संख्या लिहा. दोन्ही पाने समोरासमोर ठेवून ग्रामसभेत वाचा. कोणाची जमीन आणि कोणाची कातडी, हे सगळ्या गावाला एकदा ऐकू द्या.